चुकून गिळलेल्या वस्तू आणि आतड्यांवरील संकटे

(संस्थेच्या वार्षिक सभेत रुग्णालयाच्या शल्यचिकित्सा विभागातर्फे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून दरवर्षी हृदयविकार, मधुमेह, मोतीबिंदू अशा मोठ्या विषयांवर बोलले जाते. यंदा आम्ही निवडलेला विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटेल. काहींना तो हास्यास्पदही वाटेल. मुलाने रुपया गिळला की घरात प्रथम धावपळ होते, मग कोणीतरी जाणते माणूस "उद्या पडून जाईल" असे म्हणते, आणि बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तसेच घडते. पुढे कित्येक वर्षे ती हकीकत लग्नकार्यात हसून सांगितली जाते. परंतु ज्या थोड्या घरांत तसे घडत नाही, त्या घरांतील माणसे आमच्या दारात येतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर हसू नसते. त्या थोड्यांविषयी आज बोलावयाचे आहे.

सभागृहात फिरत असलेली ही काचेची बरणी आमच्या शस्त्रक्रियागृहातील आहे. तीत नाणी आहेत, सेफ्टी पिना आहेत, सुताराची चूक आहे, नाकातील चमकी आहे, अर्धी तुटलेली कवळी आहे, मटणाचे हाड आहे आणि तळाशी काळवंडलेले दोन बटण सेल आहेत. यांपैकी काही वस्तू आपोआप बाहेर पडल्या, काही पुण्याला पाठवून दुर्बिणीने काढून घ्याव्या लागल्या आणि काहींसाठी आम्हाला पोट उघडावे लागले. बरणी हाताळण्यास हरकत नाही, मात्र झाकण उघडू नये, ही विनंती.

तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा मार्ग प्रौढ माणसात सुमारे नऊ मीटर लांबीचा असतो. त्यांपैकी सहा मीटरच्या आसपास लहान आतडे आणि दीड मीटर मोठे आतडे. हा मार्ग सर्वत्र सारख्या रुंदीचा नाही. आपल्यापैकी जे भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरले आहेत त्यांना तो लगेच ध्यानात येईल. सरळ रस्त्याला काही वाटत नाही. वाहन अडते ते वळणाला, आणि लांब वाहन हमखास अडते. गिळलेल्या वस्तूची पहिली अडचण घशाच्या खाली, अन्ननलिकेच्या तोंडाशीच येते. दुसरी छातीत, जेथे हृदयातून निघालेली महारोहिणी अन्ननलिकेला चिकटून जाते. तिसरी अन्ननलिका जठराला मिळते तेथे. जठरातून बाहेर पडण्याचे दार अरुंद, त्यापुढे लगेच घोड्याच्या नालासारखे वळण, आणि मग दूरवर उजव्या कुशीत, लहान आतडे मोठ्या आतड्याला मिळते तो सांधा. साधारणपणे अडीच सेंटिमीटरहून रुंद वस्तू प्रौढाच्या जठराच्या दारातून निघत नाही आणि सहा सेंटिमीटरहून लांब वस्तू त्या नालाच्या वळणावर वळत नाही. लहान मुलांत ही मापे अर्थातच आणखी लहान. आपले दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे आहे, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

तथापि देहाची रचना विलक्षण शहाणी आहे. जगभरच्या अनुभवाप्रमाणे गिळलेल्या शंभर वस्तूंपैकी ऐंशी ते नव्वद आपोआप बाहेर पडतात, दहा ते वीस दुर्बिणीने काढाव्या लागतात आणि शस्त्रक्रियेची वेळ शंभरात एखाद्यावरच, किंबहुना त्याहूनही कमी जणांवर येते. टाचणीसारखी टोकदार वस्तू आतड्याच्या आतील अस्तराला टोचली की तेवढा भाग आक्रसून घेण्याऐवजी सैल पडतो आणि मागे सरतो. पुढे सरकणारा अन्नरस त्या टाचणीला हळूहळू फिरवतो आणि टोक मागे, डोके पुढे अशा स्थितीत तिचा प्रवास सुरू होतो. साडी नेसताना तोंडात धरलेली सेफ्टी पिन पोटात गेलेल्या कित्येक भगिनी याच शहाणपणामुळे शस्त्रक्रियेविना घरी गेल्या आहेत. उघडी पिन आणि मिटलेली पिन यांत मात्र जमीनअस्मानाचे अंतर आहे. टोकदार वस्तूंमुळे आतड्याला छिद्र पडण्याचा धोका नाण्यापेक्षा कितीतरी अधिक असल्याने, जोवर ती जठरात आहे तोवर दुर्बिणीने काढून घेणे हेच उत्तम.

या क्षेत्रातील आद्य पुरुष म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फियाचे डॉ. शेव्हालिये जॅक्सन. १८६५ ते १९५८ हा त्यांचा जीवनकाल. लोकांच्या अन्ननलिकेतून व श्वासनलिकेतून काढलेल्या वस्तू त्यांनी जपून ठेवल्या; त्यांतील २,३७४ वस्तू त्या शहराच्या म्यूटर संग्रहालयात खणांत लावून ठेवलेल्या आहेत. आमची बरणी त्यापुढे काहीच नव्हे. परंतु जॅक्सन यांच्याविषयी आम्हाला अधिक आदर वाटतो तो दुसऱ्या कारणासाठी. साबणासाठी घरोघरी वापरला जाणारा दाहक क्षार चुकून प्यायल्याने मुलांच्या अन्ननलिका जळत, त्या मुलांवर ते आयुष्यभर उपचार करीत राहिले; आणि तेवढ्यावर न थांबता अशा डब्यांवर विषाची सूचना छापणे बंधनकारक करणारा कायदा व्हावा म्हणून झटले. १९२७ साली तो कायदा झाला. जॅक्सन यांची साधने ताठ नळीची होती. आज आपण ज्या लवचीक दुर्बिणीला गृहीत धरतो, तिच्या मुळाशी काचतंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेण्याचा १९५४ चा शोध आहे. हॅरल्ड हॉपकिन्स यांच्यासमवेत तो प्रसिद्ध करणारे नरिंदरसिंग कपानी हे पंजाबात जन्मलेले भारतीय. त्यावरून प्रेरणा घेऊन बॅसिल हर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये जठर पाहणारी पहिली लवचीक दुर्बीण बनवली.

आता आपल्या परिसराकडे वळू.

भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत, आणि वेल्ह्याचे नाव आता राजगड झाले असले तरी रुग्णांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे म्हणून आम्हीही तेच वापरतो, गिळलेल्या वस्तूंची तऱ्हा शहराहून थोडी निराळी आहे. आई-वडील शिरवळला किंवा खेड-शिवापूरकडे कारखान्यात कामाला जातात, मूल आजी-आजोबांजवळ. आजीची दृष्टी मंद, आजोबा गुरांमागे. रांगणारे मूल सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत हाताला लागेल ते तोंडात घालते. तो त्याचा जग ओळखण्याचा मार्गच असतो. मग कधी नाणे, कधी मण्यांच्या पोतीतील मणी, कधी आजोबांच्या घड्याळाचा सेल. मोठ्यांत सुतारकाम करणारे ओठांत चुका धरतात, शिवणकाम करणाऱ्या सुया धरतात. चैत्र-वैशाखातील जत्रांत आणि आखाडात घाईघाईने, आणि सगळ्यांना ठाऊक असलेल्या पेयासमवेत, खाल्लेल्या मटणातून हाड जाते. धरणांच्या फुगवट्यालगतच्या वाड्यांत मासळीचे काटे.

काट्यांविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण हा फसवा प्रकार आहे. नाणे गिळलेले लक्षात राहते. काटा गिळलेला बहुतेकांना आठवतही नाही. बारीक काटा आतड्याच्या भिंतीतून सुईसारखा हळूहळू बाहेर पडतो. छिद्र इतके लहान असते आणि पोटातील चरबीचा पडदा ते इतक्या त्वरेने झाकतो की क्ष-किरण चित्रात पोटात सुटलेली हवाही दिसत नाही, आणि काटा तर बहुधा दिसतच नाही. रुग्ण दोन-चार दिवस पोट धरून असतो, बारीक ताप असतो, दुखणे उजव्या कुशीत असेल तर सर्वांना आंत्रपुच्छाचा संशय येतो. धरणाकाठच्या एका वाडीतील शेतमजुराचे असेच झाले. पोट उघडले तो आंत्रपुच्छ निरोगी, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर लहान आतड्यातून डोकावणारा काटा व त्याभोवती चमचाभर पू. शुद्धीवर आल्यावर त्यांना विचारले तेव्हा आठ दिवसांपूर्वीचे माशाचे कालवण आठवले. क्वचित असा काटा जठरातून यकृतातही शिरतो आणि तेथे पू धरतो. म्हणून कारण न सापडणाऱ्या पोटदुखीत आम्ही हल्ली जेवणाची चौकशी जुन्या वैद्यांसारखी खोदून खोदून करतो आणि शक्य असेल तेथे सी. टी. स्कॅन करून घेतो. काटा घशात टोचतो आहे असे वाटल्यास भाताचा घट्ट घास किंवा केळे गिळून तो खाली ढकलण्याची जी पद्धत घराघरांत आहे, ती टाळावी. काटा कित्येकदा अधिक खोल रुततो.

वृद्धांची कवळी हाही असाच प्रकार. तिचा गुलाबी भाग क्ष-किरणात दिसत नाही, दिसते ती फक्त तार; आणि तीच तार आतड्यात आकड्यासारखी अडकते. सैल झालेली कवळी घालून झोपू नये, हे आम्ही अगदी सहज सांगतो आणि तितक्याच सहजपणे ते विसरले जाते.

चुकून नव्हे तर सवयीने गिळलेल्या वस्तूंचाही उल्लेख करावयास हवा. गरोदर स्त्रिया भाजलेली माती खातात, शाळकरी मुली पाटीवरची पेन्सिल आणि खडू खातात. घरची माणसे त्यांना रागे भरतात. परंतु अशा सवयीच्या मागे पुष्कळदा रक्तातील लोहाची कमतरता असते. ती भरून काढली की सवय आपोआप जाते असा अनुभव आहे. माती आतड्यात साचून मलावरोध होतो तो वेगळाच. काही मुली केस तोंडात घालून चघळतात. केस पचत नाहीत आणि पुढेही सरकत नाहीत; जठरात त्यांचा गोळा होतो आणि कधी त्याचे शेपूट लहान आतड्यात दूरवर उतरते. १९६८ साली वैद्यकीय लेखनात त्याला लांब केसांच्या रॅपुन्झेल या जर्मन लोककथेतील मुलीचे नाव मिळाले. अशा मुलीला शस्त्रक्रियेइतकीच तिचे मन जाणणाऱ्या माणसाची गरज असते. २०१७ साली मध्य प्रदेशातील रीवा येथे एका पुरुषाच्या पोटातून अडीचशेहून अधिक नाणी आणि कितीतरी खिळे काढले गेल्याचे वृत्त सर्वत्र छापून आले, तेव्हा लोकांनी ते चमत्कार म्हणून वाचले. आम्हाला त्यात एक दीर्घकाळ कोणी न विचारलेला मानसिक रुग्ण दिसला.

उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट दिसते. जांभळे, बोरे, चिंचा मुले बियांसकट गिळतात. एकेक बी निरुपद्रवी. परंतु मूठमूठ बिया मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाला जाऊन बसल्या की मूल शौचाला बसते आणि रडते. हे कष्टदायक आहे, पण प्राणघातक क्वचितच. यावर अधिक वेळ घेत नाही.

वेळ घ्यावयाचा आहे तो बरणीच्या तळाशी असलेल्या त्या दोन काळ्या चकत्यांवर.

बटण सेल आता कोणत्या घरात नाही? जत्रेतील दिवे लागणाऱ्या खेळण्यांत आहे, दिवाळीतील विजेच्या पणतीत आहे, ताप पाहण्याच्या यंत्रात आहे, वजनकाट्यात आहे. दिसायला तो नाण्यासारखा, आणि म्हणूनच धोका. नाणे अन्ननलिकेत अडकले तर काही तासांची सवड असते. सेल अडकला तर नसते. दोन्ही बाजूंनी ओलसर अस्तर चिकटले की लाळेतून वीज वाहू लागते आणि सेलच्या ऋण बाजूस दाहक क्षार तयार होतो. जॅक्सन यांच्या काळच्या त्याच क्षाराचा हा भाऊबंद. अवघ्या दोन तासांत अन्ननलिकेला खोल भाजल्याच्या जखमा होऊ शकतात. खेळणे चालेनासे झाले म्हणून काढून टाकलेला "मेलेला" सेलही यातून सुटत नाही. खेळणे चालवण्यास न पुरणारी त्याची वीज अस्तर जाळण्यास पुरते. आणखी एक गोष्ट पालकांना सांगताना आम्हाला जड जाते: सेल काढल्यावरही ती जखम काही दिवस, कधी काही आठवडे खोल जात राहू शकते आणि शेजारच्या महारोहिणीपर्यंत पोहोचू शकते. म्हणून असे मूल बरे दिसू लागले तरी घरी नेण्याची घाई करू नये.

हे दोन तास आपल्या भागात कसे जातात ते पाहावे. गुंजवणीच्या किंवा कानंदीच्या खोऱ्यातील वरच्या वाडीतून आधी डांबरी रस्त्यापर्यंत चालत, मग जीप मिळाली तर वेल्ह्यापर्यंत, तेथून नसरापूर मार्गे महामार्ग, आणि मग पुणे. श्रावणातल्या पावसात एवढ्यातच दोन तास सहज सरतात. २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे आणि तिचे उपकार मोठे आहेत, परंतु ती यावयाची तरी त्याच रस्त्याने. म्हणून आम्हाला वाटेत करण्यासारखे काय आहे, याचा शोध महत्त्वाचा वाटतो. २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी, त्यांत जॅक्सन यांच्याच फिलाडेल्फियातील डॉक्टर होते, डुकरांच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले की मध वारंवार पाजल्याने सेलभोवतीचा क्षार निवळतो आणि जखम कमी होते. आज मान्य झालेली पद्धत अशी: मूल एक वर्षाहून मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील आणि ते नीट गिळू शकत असेल, तर दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध द्यावा, असे सहा वेळांपेक्षा अधिक नाही. एक वर्षाच्या आतील बाळाला मध मुळीच देऊ नये. आणि मधासाठी थांबू नये. मध हातात घेऊन वाटेला लागावे. सह्याद्रीच्या कुशीतल्या घरांत मधाची बाटली नसते असे क्वचित, हे आपले भाग्य.

अशाच एका संध्याकाळी अडीच वर्षांच्या मुलीला तिच्या आजीने आणले. आजी ठामपणे सांगत होत्या, रुपया गिळला. क्ष-किरण चित्रात छातीच्या वरच्या भागात गोल सावली होती. नाण्याची सावली एकसंध असते. या सावलीच्या कडेला आत आणखी एक पुसट वर्तुळ होते, आणि बाजूने घेतलेल्या चित्रात पायरी दिसत होती. तो सेल होता. पुण्याच्या ससून रुग्णालयाशी दूरध्वनीवर बोलणे होऊन मुलगी निघेपर्यंत आमच्या परिचारिकेने पहिला मध दिला होता. पुढचा वाटेत देत गेल्या. मुलगी आज शाळेत जाते. तिखट मात्र तिला अजून सोसत नाही.

लोहचुंबकाची गोष्ट वेगळी आणि तितकीच गंभीर आहे. एक चुंबक गिळला तर तो बहुधा निघून जातो. दोन गिळले, आणि ते थोड्या अंतराने गिळले, तर आतड्याच्या दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून ते एकमेकांना ओढतात. मध्ये दोन भिंती चिमटल्या जातात, तेथील रक्तपुरवठा थांबतो, भिंत मरते आणि छिद्र पडते. कधी दोन वेटोळी एकमेकांना जोडली जातात, कधी आतड्याला पीळ पडतो. चुंबकांसह एखादा लोखंडी तुकडा गेला तरी हेच. खेळण्यातील बारीक चुंबक-गोळ्या गिळलेल्या एका मुलाला आठवडाभर अन्यत्र उलट्यांचे औषध चालू होते. आमच्याकडे आले तेव्हा आतड्याचा वीतभर भाग काढावा लागला. गंमत अशी की पशुवैद्य हेच लोहचुंबक गाईला मुद्दाम गिळायला लावतात. चाऱ्यातून तार किंवा खिळा गेला तर तो गाईच्या जाळीदार पोटातून पुढे सरकून शेजारच्या हृदयाला टोचतो. चुंबक त्या तारेला धरून ठेवतो. आपल्या शेतकरी बांधवांना हे ठाऊक असते, म्हणून "गाईला चालते ते मुलाला का नाही" असा प्रश्न आम्हाला खरोखरच विचारला गेला आहे. गाईचा चुंबक एकटा आणि जड असतो, तो जागचा हलत नाही. मुलाचे चुंबक दोन असतात आणि आतड्यात फिरतात.

२०२२ साली अमेरिकेत बटण सेलाचा कप्पा मुलांना उघडता येऊ नये असा कायदा झाला. आपल्या देशात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आय. एस. आय. चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेत वीस-तीस रुपयांना मिळणाऱ्या खेळण्यावर ते कितपत पाहिले जाते, हे आपण सर्व जाणतो. कप्प्याला स्क्रू आहे की नाही एवढे तरी विकत घेताना पाहावे. नसेल तर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत.

आता जे बोलणार आहोत ते वैद्यकशास्त्र नव्हे. या विषयात आम्ही सर्वाधिक वेळ घालवतो तो खरे काय घडले हे काढून घेण्यात. मूल सासूच्या स्वाधीन असताना गिळले तर सासू बोलत नाही. सुनेच्या हातून घडले तर सून बोलत नाही, कारण रात्री घरी तिला काय ऐकावे लागणार हे तिला ठाऊक असते. मोठ्या भावंडाने दिलेले असेल तर ते पोर कोपऱ्यात उभे राहून थरथरत असते. एका आईने दोन दिवस पतीलाही सांगितले नव्हते की मुलाने तिच्या पायातील जोडवे गिळले. मूल जेवेना तेव्हा गावात देवऋषी झाला, ताईत झाला, आणि मग ती एकटी मुलाला कडेवर घेऊन एस. टी. ने आली. जोडवे जठरातच होते, ते निघाले. पण तिने तपासणीच्या खोलीत पहिला प्रश्न विचारला तो मुलाविषयी नव्हता. "घरी कळवावं लागतं का?" असे तिने विचारले. तेव्हापासून आमच्याकडे अशा मुलासमवेत आलेल्या प्रत्येक माणसाशी स्वतंत्र खोलीत बोलण्याचा प्रघात आहे. येथे बसलेल्या घरच्या मोठ्यांना आमचे हात जोडून सांगणे आहे: त्या क्षणी "कुणाचं लक्ष नव्हतं?" हे विचारू नका. "काय गिळलं, किती वाजता, किती?" एवढेच विचारा. मोठ्या भावंडाला जवळ घेऊन विचारा. तेच बहुधा खरे सांगते.

काय करावे, काय करू नये, याविषयी सभेपूर्वी काही चिठ्ठ्या आल्या आहेत. मुलाला उलटी करवू नये आणि घशात बोट घालून वस्तू शोधू नये. एरंडेल देऊन "साफ" करू नये. जोराच्या जुलाबाने टोकदार वस्तू अधिक बिघाड करते. मूल खोकत असेल, निळे पडत असेल, आवाज निघत नसेल तर ती वस्तू श्वासमार्गात आहे. तेथे क्षणाचाही विलंब चालत नाही. वर्षाच्या आतील बाळाला पालथे धरून, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा द्याव्यात, मग उताणे करून छातीवर दोन बोटांनी पाच दाब द्यावेत, आणि मदत येईपर्यंत हेच चालू ठेवावे. श्वास सुरळीत असेल, लाळ गळत नसेल, मूल पाणी पीत असेल आणि चित्रात नाणे जठरात दिसत असेल, तर घरी पाठवण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. नेहमीचे जेवण द्यावे. शौच तपासावे, हे किळसवाणे वाटले तरी. बहुतेक वस्तू चार ते सहा दिवसांत पडतात, काहींना तीन-चार आठवडेही लागतात. मध्ये आठवड्याने एक क्ष-किरण चित्र पुरते.

परंतु पोट फुगले, हिरवी उलटी झाली, वारा व शौच दोन्ही बंद झाले, ताप आला, शौच काळे झाले किंवा पोट फळीसारखे घट्ट लागले, तर एक रात्रही थांबू नये. आतडे अडले की त्यावरचा भाग फुगत जातो, रक्तपुरवठा मंदावतो. छिद्र पडले की मैला उदरपोकळीत सांडतो आणि विष अंगभर पसरते. त्या अवस्थेत सकाळची पहिली एस. टी. पकडून आलेला रुग्ण आणि आदल्या रात्री आलेला रुग्ण यांच्यात जो फरक असतो तो आमच्या कौशल्याने भरून निघत नाही.

लोक रात्री का येत नाहीत? रस्ता हे एक कारण. दुसरे कारण पैसा, आणि ते येथे स्पष्ट बोलले पाहिजे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या ४१ कक कलमान्वये आणि त्याखाली २००६ साली उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार आमच्यासारख्या धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखीव असतात. त्यासाठी देयकांच्या दोन टक्के रकमेचा निर्धन रुग्ण निधी वेगळा ठेवावा लागतो. तातडीच्या वेळी आधी उपचार, कागद नंतर. शिधापत्रिका, उत्पन्नाचा दाखला दुसऱ्या दिवशी आणला तरी चालतो. आमच्या देणगीदारांनी दिलेला पैसा या निधीच्या पलीकडे कोठे जातो, असा प्रश्न गेल्या सभेत विचारला गेला होता. तो पुष्कळसा रात्रीच्या पाळीत जातो: क्ष-किरण तंत्रज्ञाच्या रात्रीच्या वेतनात, यंत्र चालू ठेवणाऱ्या जनित्राच्या डिझेलमध्ये, आणि मुलाला पुण्यापर्यंत सोडणाऱ्या गाडीत. यांपैकी कशावरही देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येत नाही, याचे आम्हाला वाईट वाटते. मुलांच्या दुर्बिणीचा खर्च मोठा आहे आणि ती हाताळणारा तज्ज्ञ रोज येथे उपलब्ध असणे आज शक्य नाही. म्हणून ती मागणी आम्ही यंदा केलेली नाही. सेल आणि नाणे यांतील फरक अर्ध्या तासात सांगणारे चित्र मात्र बारा महिने, चोवीस तास मिळालेच पाहिजे, एवढा आग्रह विश्वस्त मंडळाकडे धरला होता आणि तो मान्य झाला.

शेवटी येणाऱ्यांसाठी दोन सूचना. गिळलेल्या वस्तूची जोडी घरात असेल, म्हणजे तसेच दुसरे नाणे, खेळण्याचा उरलेला भाग, सेलाचे रिकामे पाकीट, कवळीचा तुटलेला तुकडा, तर ती पिशवीत घालून बरोबर आणावी. चित्राशी ताडून पाहता येते. आणि रात्री क्ष-किरण विभागाच्या दाराला कुलूप दिसले तर परत फिरू नये. तंत्रज्ञ आवारातच राहतात; अपघात विभागातील परिचारिकेला सांगितले की ते येतात.